जपानी सुरीला हळदीकुंकू

गुडघा बदलून नागपूरहून परत आले तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून पाठवलं होतं. मांडी घालून बसायचं नाही आणि उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. मी शहाण्या बाईसारखी मान डोलावली. पुसदला घरी पोचलो, चहा झाला, आणि संध्याकाळी भाजी चिरायला म्हणून ओट्याखालची विळी ओढायला वाकले, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. विळीवर बसायचंच नाही तर भाजी चिरायची कशी? मी परकरात होते तेव्हापासून विळीवरच चिरत आले. आमच्या घरात सुरी होती ती सफरचंदापुरती, आणि सफरचंदंही आमचे हेच कापत. मी सुरी हातात धरल्याचं मला आठवतच नव्हतं.

आधी मी विळी ओट्यावर ठेवून पाहिली. दोडका पात्यावर रेटला की अख्खी विळी मागं सरके. फळीवर पाय नाही, तर ती जागेवर राहणार कशी? हे दारात उभे राहून बघत होते.

"ओट्यावर पाय ठेवू काय आता?" मी ओरडले.

"मी काही म्हटलं का?" हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी म्हणालेच. "एक बाई लावू स्वयंपाकाले. मी सोयाबीनच्या पायी दिवसभर वावरात, तू इथं एकटी. पडलीबिडली तं कोण पाहीन?"

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकाला बाई! माझ्या ओट्याशी तिनं उभं राहायचं आणि मी खुर्चीत बसून "मीठ जरा कमी टाक वं" म्हणायचं? मग मी या घरात करायचं तरी काय, टीव्ही बघायचा? हे सगळं मी बोलून दाखवलं. बराच वेळ बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि पुण्याला पोरीला फोन लावला. दोघांचं ठरलं की दसऱ्यापर्यंत माझं माझं जमलं तर ठीक, नाही तर दसरा झाला की बाई. बाई बघूनही ठेवली, गल्लीतल्याच एकीची नणंद. मला कोणी विचारलं नाही, नुसतं कळवलं.

पोरगी तेव्हा ऑफिसच्या कामानं जपानला निघाली होती. तिथं एका दुकानातून तिनं व्हिडिओ कॉल केला. बघते तर भिंतभर सुऱ्या. लांब, आखूड, टोकदार, बिनटोकाच्या. ही मासळीची, ही मटणाची, ही पावाची, असं ती एकेक दाखवत सुटली आणि माझं डोकं गरगरलं.

"अवं, मले भाजी चिरायची आहे, लढाईले नाही जायचं," मी म्हटलं.

"भाजीच्याच दोन प्रकारच्या आहेत, आई. बघ."

तिनं दोन सुऱ्या शेजारीशेजारी धरल्या. दोन्ही चौकोनी, बिनटोकाच्या. मला त्यांत काडीचा फरक दिसेना. दुकानदार तिला इंग्रजीत काहीतरी समजावत होता. पोरगी म्हणाली, ही पहिली घरोघरी वापरतात, दुसरी नुसतं भाजीचंच काम करणारे मुरलेले आचारी वापरतात. दुसरीची धार वेगळी असते म्हणे.

"पहिली घे नं मंग. साधी."

"माझी आई साधी आहे का?" ती म्हणाली आणि दुसरी घेतली. खरं सांगते, मला भरून आलं. सोबत धार लावायचा दगडही घेतला, दोन रंगांचा, एक बाजू खरखरीत आणि एक गुळगुळीत.

पोरगी पुण्याला परतली आणि तिथून तिनं पाठवलेली सुरी कुरिअरनं घरी आली तेव्हा ह्यांनी डबा उघडून पहिलं वाक्य काय बोलावं? "हा तं सत्तूर!" खाटकाच्या सत्तुरासारखीच दिसत होती ती, पण हलकी आणि पातळ. आत कागद होता, त्यावर सगळी जपानी अक्षरं. पोरीनं फोनवर सांगितलं, ही स्टीलची नाही, लोखंडी जातीची आहे, वापरली की लगेच पुसून कोरडी ठेवायची. ते आम्ही ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

मग शिकवणी. पोरगी पुण्यात तिच्या ओट्याशी, मी माझ्या, मध्ये तेलाच्या डब्याला टेकवलेला फोन. ती म्हणाली, माझ्यासारखी धर, आणि मी तिच्यासारखी धरली. बोटं आत वळव, वळवली. दाबू नको, पुढं सरकव, सरकवली. दोडक्याची चकती पडली. उचलून बघितली तर वरून जाड आणि खालून पातळ. दुसरीही तशीच. पंधरावीही तशीच. सुरी सरळ जायचं नावच घेईना. मी सरळ धरली तरी आत गेली की वाकडी वळे. बटाटा घेतला, तोच प्रकार. वांग्याच्या फोडी तर अशा झाल्या की उंदरानं कुरतडल्या म्हटलं तरी पटलं असतं.

"सवय होईल, आई."

सवय कसली होते? आठ दिवस मी रोज उभी राहून वाकड्या फोडी केल्या. पातळ भाग शिजून गळे आणि जाड भाग कच्चा राही. हे निमूट जेवत. एकदा म्हणाले, "चाकूचीच काई तरी खोट असन." आणि स्वतः उठून बटाटा घेऊन बसले. ज्या माणसानं जन्मात भाजी चिरली नाही, त्याच्या चकत्या सरळ पडल्या! अगदी एकसारख्या नाही, पण सरळ. ह्यांनी एक चकती उजेडात धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि सुरी हळूच खाली ठेवली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

म्हणजे खोट सुरीत नव्हती, माझ्या हातात होती. इथं मी घाबरले. माझ्या आईचे हात शेवटच्या वर्षांत गेले होते. आधी रांगोळीची रेघ वाकडी पडायला लागली, मग कुंकू कपाळाच्या मधोमध लागेना, मग कप धरवेना. सुरुवात अशीच झाली होती, वाकड्या रेघेनं. मी न्हाणीघराचं दार लावून दोन्ही हात समोर धरून बघायची, थरथरतात का. थरथरत नव्हते. पण खूप वेळ धरले की वाटायचं, थोडे थरथरतात वाटते. ह्यांना नाही सांगितलं, पोरीला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर दसऱ्याची वाटही कोणी बघितली नसती, दुसऱ्याच दिवशी बाई ओट्याशी आली असती. आणि बाईचं एक वेळ जाऊ द्या. हातच गेले तर मी कोण उरणार, हे मला समजत नव्हतं.

ह्यांना मात्र वेगळंच वाटलं. धार बोथट झाली असेल. ह्यांचा सगळा जन्म विळ्यांना धार लावण्यात गेला, सोयाबीन कापायला बाया आल्या की आधी विळे ह्यांच्यापुढं येतात. त्यांनी जपानी दगड पाण्यात भिजवला आणि सुरी दोन्ही बाजूंनी खस्सखस्स घासली, विळा घासतात तशी. मग कागद कापून दाखवला. कागद कापला गेला. माझ्या फोडी होत्या त्याच, उलट आणखीच फेंगड्या.

"अजून घासू का?"

"राहू द्या. तुम्ही घासाल अन् ती संपून जाईन."

असं करता करता खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. देवघरापुढं पाटावर विळे, कुऱ्हाड, पाना, सुपारीचा सरोता, माझी विळी, सगळं धुऊन मांडलं, आणि मधोमध जपानी सुरी. नवीन आहे, परदेशातून आली आहे, म्हणून तिला मान जास्त. सगळ्यांना बोटभर हळदीकुंकू, तर तिला दोन्ही बाजूंनी ओलं हळदीकुंकू, वर पाणी शिंपडून अक्षता, वर ओला झेंडू. हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. दसऱ्याला सकाळी पूजा उचलेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, काही कापायचं नाही. नवमीला पुरण असतं, चिरायचं काही नसतंच.

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर सुरीवर, झेंडूच्या भोवती, तपकिरी कडं उमटलेलं. मी ह्यांना हाक मारली.

"अवो, इकडं या. हिले गंज चढून राह्यला!"

हे आले. बघितलं. पोरीचं "पुसून कोरडी ठेवा" दोघांनाही एकदमच आठवलं.

"पुसू का?" मी विचारलं.

"पूजेतलं हत्यार कसं उचलतं?"

"मंग गंजू देऊ?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"मंग म्हणता काय तुम्ही?"

पुसावी तर पूजा मोडते, न पुसावी तर सुरी जाते. पोरीला फोन करावा तर ती ओरडणार. मी फडकं घेऊन दोनदा देवघरापुढं गेले आणि दोनदा तशीच परत आले. विळी बिचारी शेजारी हळदीकुंकू लावून निवांत पडली होती, तिला काही झालं नव्हतं. शेवटी मी देवालाच म्हटलं, तुझं तू बघ, आणि दिवा लावून निघून आले.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून ह्यांनी पूजा उचलली. सुरीवर तोवर काळे-तांबडे डाग पसरले होते. हे दगड भिजवून अंगणात बसले. मी फोन लावून पोरीला खरं ते सांगून टाकलं. ती आधी ओरडली आणि मग हसत सुटली.

"आई, सुरीला हळदीकुंकू? थांब, बाबांना दाखव मला. बाबा, अहो, दोन्ही बाजूंनी नका घासू!"

"काहून?"

"एकाच बाजूला धार असते तिला. दुसरी बाजू सपाट असते."

ह्यांनी सुरी उलटी करून डोळ्याजवळ नेली. एका बाजूचे डाग निघून गेले होते. तिथं धारेकडे चांगली बोटभर रुंद उतरण दिसत होती. दुसऱ्या बाजूला मधोमध कुंकू तसंच लाल बसलेलं. दगड तिथं पोचतच नव्हता, कारण ती बाजू मधून जराशी खोलगट होती. इतके दिवस आम्ही ती सुरी हाताळली, घासली, तिच्यावरून भांडलो, पण तिच्या दोन बाजू वेगळ्या आहेत हे आम्हाला त्या कुंकवानं दाखवलं.

"अशी काहून बनवली?" ह्यांनी विचारलं.

"उजव्या हातानं कापणाऱ्याची चकती सरळ पडावी म्हणून. डावखुऱ्यांना ही चालत नाही, त्यांची वाकडी जाते. त्यांच्यासाठी उलटी बनवून घ्यावी लागते. पण आपल्याकडे कोण डावखुरं आहे?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली. मीही खाली बघितलं. ह्यांनी पुढं केलेली सुरी मी घेतली होती, आणि ती माझ्या डाव्या हातात होती.

"अवं," हे म्हणाले, "तू तं डेबरी निघाली!"

"उगंच काहीतरी बोलू नका. पोरीनंच शिकवलं तसं. फोनमधी तिच्या हातात ज्या बाजूनं दिसली, त्या बाजूनं मी धरली. आरशासारखं झालं ते."

पोरीलाही ते पटलं. मलाही पटलं. मग मी ओट्याशी जाऊन उजव्या हातात सुरी घेतली आणि बटाट्यावर ठेवली, तर हात कसा चालवायचा तेच कळेना. तो माझा हात नाहीच असं वाटलं. मी जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं, वाढते, रांगोळी काढते, सगळं उजव्या हातानं. मग मी डावखुरी कशी? बरं, डावखुरी नाही, तर हा हात असा अडाण्यासारखा का करतोय?

तेवढ्यात अंगणातल्या पेरूवर माकड आलं. मी दारातला खडा उचलून भिरकावला. माकड पळालं आणि हे हसायला लागले, कारण खडा मी डाव्या हातानं मारला होता. मग मला वेडच लागलं. काडी ओढून पाहिली, डाव्या हातानं. सुईत दोरा ओवून पाहिला, डाव्या. बाटलीचं झाकण, डाव्या. जे जे कोणी शिकवलं होतं ते उजव्या हातानं, आणि जे शिकवायला कोणी आलं नव्हतं ते सगळं डाव्या. साठी आली माझी, आणि माझा हात कोणता हे मलाच माहीत नाही! मी अंगणात उभी राहून दोन्ही हातांकडे बघत होते. हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

आमच्याकडे सफरचंदाची जुनी सुरी होती, बाजारातली साधी, दोन्हीकडून सारखी. ह्यांनी ती जपानी दगडावर घासून दिली. मी डाव्या हातात धरली. मुद्दाम, बघत बघत. वांगं घेतलं. फोड पडली ती सरळ. दुसरी सरळ. मी अख्खं वांगं चिरलं, मग दुसरं, मग घरातले सगळे बटाटे. इतक्या भाजीचं करायचं काय हे कोणी विचारलं नाही. माझे हात गेले नव्हते हो! आईचं दुखणं माझ्याकडे आलं नव्हतं. मी ओट्याला धरून रडले. हे घाबरले, तेव्हा कुठं मी त्यांना न्हाणीघरातलं सगळं सांगितलं.

ऐकून ह्यांनी फोन घेतला आणि गल्लीतल्या त्या बाईला सांगितलं, "नणंदेले सांगजो, येऊ नको म्हणा. आमच्याकडची बाई आली."

दुपारी कळंबजवळच्या माहेरून भावाचा फोन आला, दसऱ्याचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा आहे तो. मी नमस्कार वगैरे सोडून आधी हेच विचारलं.

"भाऊ, मी लहानपणी डावखुरी होती का?"

"आँ! तुले माईत नाही?" तो हसला. "अवं बाई, आई तुया डावा हात कमरेले बांधे जेवताना. लुगड्याच्या काठाची चिंधी होती, लाल. तू रडे, हातपाय आपटे. आजी आईले बोले नं, पोरगी डाव्या हातानं वाढीन तं सासरचे ताटावरून उठतीन म्हणून."

लाल चिंधी. मला आठवली. पण मला वाटत होतं, मी खोड्या काढायची म्हणून बांधत असेल.

"लय मारलं का तिनं मले?"

"मारलं थोडं. पण तू झोपली का आई त्याच हाताले तेल लावत बसे. चिंधीचा वळ पडे नं मनगटावर. मी पाह्यलं हाय." तो पुढं सांगू लागला, "मंग तुले विळीवर बसवलं तिनं. एवढीशी होती तू, आजी म्हणे बोट कापीन पोरगी. आई म्हणे, कापू द्या. विळीवर दोन्ही हात लागते, तिथं तिले कोणी बोलत नाही."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं लोक म्हणत आले, हिचा हात विळीवर काय चालतो, आणि मी मिरवत आले. आईनं मला ती जागा शोधून दिली होती हे मला माहीत नव्हतं. पण चिंधीही तिनंच बांधली होती. हे दोन्ही एकाच बाईनं केलं, ते कसं धरायचं मनात? मला अजून नीट कळलेलं नाही.

जपानी सुरी आता ह्यांच्याकडे आहे. पोरगी मला दुसरी, साधी, दोन्हीकडून सारखी आणणार आहे. हे रविवारी माझ्या शेजारी उभे राहून काकडी चिरतात आणि ऐट तर अशी करतात की विचारू नका. चिरून झाली की पुसून कोरडी करतात, दोनदा.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी हे आपट्याची पानं घेऊन आले. देवापुढं सोनं ठेवून झालं. ह्यांना द्यायला मी पान घेतलं तर ते डाव्या हातात आलं. घाईघाईनं उजव्यात घेत होते, तर ह्यांनी "राहू दे" म्हटलं आणि तसंच घेतलं. मग आईच्या फोटोपुढं गेले. पान हातात होतं, पण हात पुढं होईना. उजव्या हातानं ठेवावं तर तो तिनं शिकवलेला, डाव्यानं ठेवावं तर तो तिनं बांधलेला. हे मागं उभे होते. शेवटी मी ते पान, विळीवर भाजी धरावी तसं, दोन्ही हातांत धरलं आणि तिच्यापुढं ठेवलं.